महिन्याला पाचशे रुपये आणि एक रोड रोलर

तर झालं असं की दिवाळीत कपाट आवरताना माझ्या खेळण्यातल्या गाड्या मोजल्या आणि ६३ निघाल्या. त्यात तीन तर एकच गाडी, फक्त रंग वेगळे, लाल, निळा आणि काळा, आणि घेताना प्रत्येक वेळी मला वाटलेलं की अरे ही नाहीये आपल्याकडे. नवरा काही बोलला नाही, त्याने फक्त दुधाच्या हिशेबाची वही पुढे सरकवली. तेव्हापासून नियम केला, महिन्याला ५०० रुपये. उरले तर पुढच्या महिन्यात धरायचे पण उचल अजिबात नाही.

रंगांच्या चक्रात मी एकटीच फसले असं नाही म्हणा. ह्या गाड्या डायकास्ट असतात, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबून भरायचा. साचाच महाग असतो, त्यामुळे कंपनी एकदा बनवला की तोच वर्षानुवर्षं वापरते, दरवेळी नवा रंग, नवे स्टिकर, नवी चाकं. गाडीच्या पोटावर जे साल कोरलेलं असतं ते पण त्या डिझाइनचं असतं, गाडी बनल्याचं नाही. "ताई ही ब्याण्णव सालची आहे, जुनी आहे" असं म्हणून एकाने मला चक्क नवीकोरी गाडी चढ्या भावात गळ्यात मारली होती 😀

आता ५०० मध्ये बसवायचं कसं. आमच्याकडे हॉट व्हील्स ब्रँडची साधी गाडी, मेनलाइन म्हणतात तिला, दीडशे-पावणेदोनशेला पडते. म्हणजे महिन्याला तीन, फार तर. रबरी टायरवाली प्रीमियम एक घेतली की महिना संपलाच. आणि ही लोकं दरवर्षी शेकड्याने मॉडेल काढतात, सगळ्यांच्या मागे लागले तर वहीच काय घर पण पुरणार नाही.

पहिली कात्री लावली ती काल्पनिक गाड्यांना. ट्विन मिल, बोन शेकर वगैरे, ज्या कुठल्या शोरूममध्ये कधी विकायला आल्याच नाहीत. ट्विन मिल १९६९ ची आहे, तिचा मान आहे, फॅन मंडळी चिडतील, चिडू देत.

मग ट्रेझर हंट, म्हणजे साध्या गाड्यांतच मिसळलेल्या मोजक्या खास गाड्या. कार्डावर गाडीच्या मागे ज्वाळेचं चिन्ह असतं, सुपर ट्रेझर हंट असेल तर सोनेरी आणि गाडीला चकचकीत रंग न् रबरी टायर. सापडली तर मजा आहे, पण ती माझ्या हाताला लागायची नाही कारण माल उतरतो तेव्हाच कोणीतरी खोकं उलथंपालथं करून गेलेलं असतं आणि संध्याकाळी तीच गाडी ऑनलाइन दहापट भावाने. एका दुकानात मी तीन शनिवार चकरा मारल्या, चौथ्या शनिवारी कळलं की तिथला पोरगाच बाजूला काढून ठेवतो. सोडून दिला तो नाद.

मग राहिलं काय? तर ज्या गाड्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही त्या. फेरारी, पोर्शे, स्कायलाइन सगळे पहिल्या तासात उडतात आणि हुकावर लटकत राहतात कचऱ्याची गाडी, टो ट्रक, सिमेंट मिक्सर, टँकर. आणि मला खरं सांगायचं तर त्याच आवडतात. आमच्या लहानपणी रस्त्याच्या कडेला पीडब्ल्यूडीचा एक रोड रोलर दोन पावसाळे उभा होता, गवत वाढलेलं त्याच्याभोवती, आमचं लपाछपीचं राज्य त्याच्यापाशीच असायचं.

म्हणून आता मुख्यतः मॅचबॉक्स (म्हणजे काडेपेटी) ह्या ब्रँडच्या गाड्या. ह्यांची गोष्ट मला फार आवडते. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला इवलासा रोड रोलर करून दिला. १९५३ ला मालिका सुरू झाली तेव्हा पहिला नंबर रोड रोलरचाच, मग डंपर, मग सिमेंट मिक्सर, मग ट्रॅक्टर. फेरारी-बिरारी नंतर. पुढे लेस्नी १९८२ ला बुडाली आणि फिरत फिरत १९९७ ला मॅचबॉक्स मॅटेलकडेच आलं, म्हणजे हॉट व्हील्सवाल्यांकडेच. एकाच घरातली दोन पोरं, एक शर्यतीत पळणारं आणि एक कामाला जाणारं.

एक गोची मात्र आहे. ह्या सगळ्या गाड्या एकाच मापाच्या पाकिटात बसवायच्या असतात, त्यामुळे माझ्या फळीवर कचऱ्याची गाडी आणि बीटल जवळपास सारख्याच लांबीच्या आहेत. १:६४ म्हणतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी, ते ट्रकला लागू नाही. जपानी टोमिका निदान प्रामाणिकपणे प्रत्येक गाडीच्या पोटावर तिचं खरं प्रमाण लिहितात. आणि माजोरेट कंपनीच्या गाडीला सस्पेन्शन असतं, बोटाने दाबली की खाली बसते न् परत वर येते, मी ऑफिसच्या कॉलवर म्यूट करून तेच करत बसते.

बाकीचे पैसे पुण्यातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारासाठी. तो बुधवारी न् रविवारी भरतो. बुधवारी नाही जमत, रविवारी जाते. सुट्ट्या गाड्या, पाकीट नाही, रंग उडालेला, वीस-तीस रुपयांत मिळतात. सोबत टाइलचा एक तुकडा ठेवते, त्यावर गाडी सोडायची, एका बाजूला ओढ घेतली की समजायचं आस वाकलाय. रंगाचे टवके चालतात मला, वाकडी चाल नाही.

गेल्या रविवारी तिथे पिवळा जेसीबी दिसला (पिवळा आहे म्हणजे जेसीबीच, कंपनी कुठली का असेना), पुढचं बकेट तुटलेलं. मी म्हटलं पन्नास. विकणारा म्हणाला, "ताई, जेसीबी आहे हा, दीडशे. बकेट नसलं म्हणून काय झालं, उभा करून ठेवायचा ना?" माझ्याकडे महिन्याचे १२० उरलेले. ऐंशीपर्यंत चढले, तो शंभरवर अडला, मी निघाले, त्याने हाक मारली नाही. आज तारीख २८. येत्या रविवारी नवा महिना आहे.