तिकडं तुझं बाळंतपण कुणी केलं?

दिवाळीनंतर लेकराचं जावळ काढायला जर्मनीहून परभणीला आले होते. तुळजापूरहून परतल्यावर घरी बायांची रीघ लागली. लेकराच्या मुठीत नोट ठेवायची, त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची आणि मग माझ्याकडं वळून विचारायचं, “तिकडं तुझं बाळंतपण कुणी केलं गं? आई तर इथंच होती.” वजन किती, दात आले का, रांगतं का, हे सगळं त्यानंतर.

प्रश्न अगदी बरोबर आहे. पहिलटकरणीच्या बाबतीत हाच प्रश्न आधी विचारायला हवा. पाळणा कुठला घ्यायचा, कपडे किती शिवायचे हे मागून बघता येतं. म्हणून त्या सगळ्यांसाठी, आणि ज्यांच्या लेकीसुना परदेशात पोटुशी आहेत त्यांच्यासाठी, हे जरा सविस्तर लिहितेय. आपल्याकडं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतात. माझं बाळंतपण या दोघींनी मिळून केलं.

आम्ही स्टुटगार्टला राहतो. दिवस राहिल्याचं पक्कं झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी निळ्या रंगाची एक पुस्तिका हातात दिली. तिला मुटरपास म्हणतात. रक्तगट, वजन, रक्तदाब, सोनोग्राफी, सगळं तिच्यात लिहिलं जातं आणि ती कायम पर्समध्ये बाळगायची. पुस्तिका देता देता त्यांनी विचारलं, “हेबामे मिळाली का?” हेबामे म्हणजे सुईण, पण तीन-चार वर्षं शिकून परवाना घेतलेली. जर्मनीत डॉक्टर हजर असले तरी हेबामेशिवाय प्रसूती करायची नाही असा कायदाच आहे. आणि तिचं खरं काम तर दवाखान्यातून घरी आल्यावर सुरू होतं. पहिले 10 दिवस ती रोज घरी येऊ शकते, पुढं बाळ 12 आठवड्यांचं होईपर्यंत आणखी 16 वेळा. पैसे आरोग्य विमा भरतो. मात्र ती शोधायची आपणच, आणि मोठ्या शहरांत हेबामे कमी पडतात. तिसरा महिना संपायच्या आत फोनाफोनी केली नाही तर हाती कुणी लागत नाही. तुमची लेक जर्मनीत असेल आणि तिनं गोड बातमी दिली असेल, तर अभिनंदनाच्या पाठोपाठ एवढं एक विचाराच.

नवऱ्याची तयारीही तिथं धरलेलीच असते. बाळंतपणाआधीचा 14 तासांचा वर्ग असतो, त्यात तो माझ्याबरोबर बसला. कळा आल्यावर कंबर कुठं दाबायची, लेकराची मान कशी धरायची, डायपर कसा बांधायचा, सगळं बाहुलीवर करून घेतलं. प्रसूतीच्या वेळी तो माझ्या उशाशी उभा होता. आपल्याकडं हाच माणूस दवाखान्याच्या बाकावर बसून औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावत राहिला असता आणि मग बाळंतीण माहेरी म्हणून महिनाभर लेकराला बघायलासुद्धा मिळालं नसतं. मला आपल्या माहेरपणाची फार किंमत आहे. पण त्यात बाप बाजूला पडतो हे खरं आहे, आणि ते मला पटत नाही. पहिल्या महिन्यात रात्री उठून लेकराला खांद्यावर टाकून फिरवलेला बाप आणि सव्वा महिन्यानं पाहुण्यासारखा बघायला आलेला बाप यांच्यात फरक पडतोच.

सुट्टीचं थोडक्यात सांगते. आईला प्रसूतीआधी 6 आठवडे आणि नंतर 8 आठवडे पगारी रजा. पुढं आईबाप दोघांनाही मूल तीन वर्षांचं होईपर्यंत रजा मागता येते आणि कंपनी नाही म्हणू शकत नाही. त्यातल्या काही महिन्यांसाठी सरकार पगाराच्या साधारण 65 टक्के रक्कम देतं, तिला वरची मर्यादा आहे. माझ्या नवऱ्यानं पहिला अख्खा महिना घेतला.

आता तिसऱ्या दिवसाची गोष्ट. ती कुणी मोकळेपणानं बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. सकाळपासून मला रडू येत होतं. लेकरू धडधाकट, नवरा जवळ, दुखणंही बेताचं, आणि तरी डोळ्यांना धार. हेबामे आली, साठीची धिप्पाड बाई. तिनं आधी हात धुतले, गरम पाण्यात हात शेकले आणि लेकराकडं न जाता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “आज दूध उतरतंय. दूध आणि रडू बरोबरच येतात. रड.” मग तिनं समजावून सांगितलं, बाळ आणि वार बाहेर पडल्यावर शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बहुतेक बायांना असं होतं आणि आपसूक निवळतं. दोन आठवड्यांनंतरही निवळलं नाही, झोप उडाली, लेकराकडं बघवेना, तर तो आजार आहे, त्याला डॉक्टर आहे, लगेच मला सांग. नवऱ्यालाही तिनं हेच वेगळं बसवून सांगितलं. आपल्याकडं अशा बाईला ‘वारं लागलं’ म्हणतात, मीठ-मिरच्या उतरून टाकतात, कुणी देवऋष्याकडं नेतं. दृष्ट खुशाल काढा, आईच्या हाताची दृष्ट कुणाला नको असते? पण दोन आठवड्यांचा हिशेब डोक्यात ठेवा आणि बाईला डॉक्टरांकडं न्या.

मग हेबामे लेकराचं वजन करायची. पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढायची, कापडाच्या झोळीत लेकरू ठेवून झोळी काट्याला अडकवायची आणि हात वर धरायची. व्हिडिओ कॉलवर आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हा तर आपल्या आशाताईचा काटा!” खरंच तोच. आपल्या गावोगावच्या आशाताईही असाच काटा घेऊन बाळंतिणीच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं त्यांनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं असतं, घरी बाळंत झाली तर पहिल्या दिवशीही. लेकराचं वजन, ताप, नाळ, श्वास, आईचा रक्तस्राव, सगळं बघायचं. मला परभणीत भेटलेल्या कितीतरी बायांना हे ठाऊकच नव्हतं. लसीची आठवण करून द्यायला ती येते एवढंच त्या समजत होत्या. जर्मनीत ज्याचं मला एवढं अप्रूप वाटलं त्याची सोय आपल्या गल्लीतही आहे, फक्त आशाताईला तुटपुंज्या मोबदल्यावर राबवून घेतलं जातं आणि दाराशी आली तर पाटावर बसवून कुणी विचारत नाही.

वजनाचंच आणखी एक. पहिल्या दिवसांत लेकराचं वजन घटतं, दहा टक्क्यांपर्यंत घटलं तरी ते चालतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. हे माहीत नसलं की घरात “दूध पुरत नाही, वरचं द्या” सुरू होतं. वरचं म्हणजे गाईचं दूध, साखरपाणी, मधाचं बोट. चिकाचं दूध पहिल्या तासातच पाजायचं, सहा महिने अंगावरचंच, पाणीसुद्धा नाही, हे तिकडची हेबामे सांगते आणि इकडची आशाताईही सांगते. परभणीच्या मे महिन्यात, पारा 43 वर गेल्यावर, “लेकराचा जीव सुकतो” म्हणून चमच्यानं पाणी पाजायचा मोह होतो. तेव्हा पाण्याऐवजी छातीला अधिक वेळा लावायचं, आईनं मात्र पाणी भरपूर प्यायचं. मध वर्षभर नाही, त्यातल्या जंतूंनी लहान लेकराला विषबाधा होऊ शकते.

आई आली तिसऱ्या आठवड्यात. हे आम्ही ठरवून केलं आणि मला ते फार सोयीचं गेलं. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांसाठी जायच्या व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. तारखेच्या आधीच आई आली असती तर त्यातले दिवस वाट बघण्यात गेले असते. शिवाय पहिले दोन आठवडे नवरा घरी, हेबामे रोज, म्हणजे माणूसबळ होतं. खरी गरज पुढंच लागली.

तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, हाळीव, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, चार कुंच्या, आजीच्या जुन्या लुगड्याची वाकळ आणि लेकराचं डोकं गोल व्हावं म्हणून राळ्याची उशी. ओवा-शेपा बघून हेबामे खूश झाली. तिकडंही अंगावर पाजणाऱ्या बाईला बडीशेप, अनीस आणि शहाजिऱ्यासारख्या दाण्यांचा काढा देतात, औषधांच्या दुकानात त्याची तयार पाकिटं मिळतात. उशीला मात्र तिनं मान हलवली. लेकरू पाठीवर झोपवायचं, जवळ उशी नको, गोधडी नको, खोली थंडच, अंगात बिनबाह्यांची झोपायची पिशवी. तोंडावर कापड येऊन किंवा फार उबेनं झोपेतच जीव जाण्याचा धोका असतो, म्हणून. आईला हे जड गेलं. डोकं गोल कसं होणार? जागेपणी पालथं घालून खेळवायचं, झोपवताना मान एकदा या अंगाला, एकदा त्या, यावर दोघींचं जमलं. वाकळ जमिनीवर पडली आणि लेकरू दिवसभर तिच्यावरच असायचं. धुरीचा विषय निघालाच नाही. घरात धुराची सूचना देणारं यंत्र सक्तीचं असतं, आणि कोवळ्या फुप्फुसांना धूर नकोच.

मालिशीचा दिवस मात्र आईचा. आई पाय लांब करून खाली बसली, पायांच्या खोबणीत लेकरू आडवं घातलं आणि कोमट खोबरेल तळहातावर घेतलं. हेबामे चष्मा लावून समोर मांडी घालून बसली. फ्रेडरिक लबॉयर या फ्रेंच डॉक्टरांनी 1970 च्या दशकात कोलकात्यात एका आईला अशी मालीश करताना पाहिलं आणि ती युरोपात नेली, तेव्हापासून तिकडं तिचे वर्ग चालतात. हेबामेही शिकवायची, पण पायांवर घेऊन केलेली तिनं पाहिली नव्हती. आईला जर्मन येत नाही, तिला मराठी नाही. आईनं तिचे हात धरून लेकराच्या पाठीवर ठेवले आणि दाब दाखवला. मी भाषांतर करायला बसले होते, ते करायची वेळच आली नाही.

नावाचं एक ध्यानात ठेवा. जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते. नाव ठरलं नसेल तर ते महिनाभरात कळवलं तरी चालतं. त्यामुळं बारसं बाराव्या दिवशीच झालं, लातूरहून आत्यानं फोनवरून कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि मग आम्ही कचेरीत नाव लिहून दिलं. लेकराचा भारतीय पासपोर्ट हवा असेल तर वर्षाच्या आत वकिलातीत जन्माची नोंद करायची, हे लांबणीवर टाकू नका.

परभणीत एका दुपारी आईच्या शेतावर कामाला येणारी बाई लेकराला बघायला आली. तिची सून गेल्या हंगामात ऊसतोडीला गेली होती, उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंत झाली आणि आठवडाभरात पुन्हा मोळ्या बांधू लागली. आपल्या देशात 2017 पासून नोकरदार बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, जर्मनीच्या पगारी प्रसूती रजेपेक्षा कितीतरी जास्त. पण ती मस्टरवर नाव असलेल्या बाईला. बीड-परभणीतून दर दसऱ्यानंतर निघणाऱ्या टोळ्यांतल्या बाईला रजाही नाही आणि आशाताईही सापडत नाही, कारण ती गावात नसते आणि फडावर तिची नोंद नसते. हंगामात आठवा महिना लागणार असेल तर तिला गावातच ठेवा, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना टोळीच्या मुकादमाला तसं आधीच सांगा, आणि जावंच लागलं तर माता-बाल कार्ड आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर तिच्या पिशवीत असू द्या. त्या सुनेच्या लेकराचं वजन अजून कुणी केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई आशाताईला घेऊन तिच्या घरी गेली.