लिफ्ट नाही, विंच नाही, मग गाडी आत कशी घालता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. प्रश्न ठरलेला असतो: फॉर्च्युनर 4x4, तीही शोरूममधून आली तशीच, स्प्रिंग उंच करणारी लिफ्ट नाही, रुतल्यावर ओढून काढणारी विंच नाही, मग पाणंदीत आणि ओढ्यात कशाच्या भरवशावर घालता? आणि पाठोपाठ, "थारच घ्यायची होती ना."

थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2,450 मिमी, हिचा 2,745. लांब गाडीचं पोट उंचवट्यावर आधी टेकतं, अरुंद वळणाला तिला दोनदा मागे-पुढे करावं लागतं. हे मान्य. पण घरची सहा माणसं आणि सामान घेऊन पाचशे किलोमीटर जायचं असतं, म्हणून ही गाडी. त्यावर आणखी वाद नको.

"आली तशीच" हेही पूर्ण खरं नाही. साइड-स्टेप काढून टाकल्या, कारण दगडावर सगळ्यात आधी त्याच आपटतात आणि वाकल्या की दार अडतं. 18 इंची रिम काढून 17 इंची घातल्या. 265/60 आर18 टायरचा व्यास साधारण 775 मिमी, 265/65 आर17चा 776. म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही, पण टायरची भिंत 159वरून 172 मिमी होते. हवा कमी केल्यावर हे 13 मिमी रिम वाचवतात. टायर ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे. आणि चासीला बोल्टने बसवलेला, वजनाचा आकडा कोरलेला ओढण्याचा हूक. तो का, ते पुढे येतंच.

बाकी सगळं हवेवर चालतं. डांबरावर 33 पीएसआय, मुरूम-दगडात 24-25, चिखल-वाळूत 18. अठरावर ताशी तीसच्या वर जायचं नाही आणि स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही, टायर रिमवरून उतरतो. परत भरायला कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा. मोठा कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटवर लावला की फ्यूज उडतो. एच4 (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगासाठी) कोरड्या डांबरावर लावायचं नाही. मध्ये डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसल्यामुळे वळताना पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक गिअरांना सोसावा लागतो. एल4ला (चारही चाकांना जोर, वेग कमी पण ताकद जास्त) गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकूनच जायचं. चाक हवेत फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावतं, खालून खडखड आवाज येतो. बहुतेक जण त्या आवाजाला घाबरून पाय काढतात आणि गाडी तिथेच बसते. पाय तसाच स्थिर ठेवायचा, दुसऱ्या चाकाला जोर पोचायला एक-दोन सेकंद लागतात.

हे सगळं माहीत असतानाही गाडी रुतली. तुमचा खरा प्रश्न तोच आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो.

उजनीच्या फुगवट्याकडे जाणारी करमाळ्याच्या बाजूची पाणंद. ऑक्टोबर, परतीचा पाऊस थांबून आठवडा झालेला. काळ्या मातीवर भेगाळलेली कोरडी पापडी. पायी जाऊन बघितलं, पण पन्नासच पावलं. माणूस तरतो म्हणून सव्वादोन टन तरतील असं धरलं. पहार घेऊन दर दहा पावलांवर टोचायला हवी होती. पहार सहज वीतभर आत गेली, तर ती वाट त्या दिवसापुरती बंद. काळी माती वरून सुकते, आत पाणी धरून ठेवते, आणि टायरच्या खाचा एका फेऱ्यात भरून टाकते. मग ऑल-टेरेन काय आणि गुळगुळीत काय, सारखंच.

पापडी फुटली आणि गाडी ट्रॅक्टरच्या चाकोरीत घसरली. ट्रॅक्टरला मधला उंचवटा लागत नाही. फॉर्च्युनरच्या पोटाखाली साधारण 220 मिमी, आणि मागचं डिफरन्शियल त्या उंचवट्यावर जाऊन बसलं. गाडी अशी टेकली की चाकांवर वजनच राहत नाही, मग एल4 असो की डिफ-लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप), चाकं नुसती फिरतात. तेव्हा ताबडतोब थांबायचं असतं. मी आणखी दोनदा अ‍ॅक्सिलरेटर दिला आणि चाकं अजून वीतभर खाली गेली.

शेजारच्या रानातले दादा स्वतःहून ट्रॅक्टर घेऊन आले. साखळी त्यांची होती, ती अडकवली मी. बंपरखाली जी बारीक कडी दिसते ती गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असते, झटका सोसायला नाही. वाचून माहीत होतं, पण घाईत हाताला तीच लागली. साखळी ताणत नाही, त्यामुळे ट्रॅक्टरचा पूर्ण हिसका त्या कडीवर आला. कडी पत्र्यासकट उपटली आणि साखळीबरोबर उडाली. त्यांचा मुलगा दहा फुटांवर उभा होता. त्याच्या कमरेजवळून गेली. दादा एक शब्द बोलले नाहीत, फक्त पोराला बांधावर जाऊन बस म्हणाले. या गोष्टीची सफाई माझ्याकडे नाही.

त्यानंतर जे केलं ते आधीच करायचं होतं. हवा 18वर आणली. टिकाव-फावड्याने डिफरन्शियलखालचा उंचवटा फोडून काढला. फळीवर बाटली-जॅक ठेवून मागचा अ‍ॅक्सल उचलला, कारण फळीशिवाय जॅकच मातीत जातो. चाकांखाली दगड आणि बांधावर रचलेल्या जुन्या तुराट्या दाबल्या. आणि पुढे नाही, मागे. आलेली चाकोरी टणक होती, ती वीस पावलांवर होती. एल4 रिव्हर्स, हलका पाय, गाडी स्वतःच निघाली. साडेतीन तास गेले.

आता चासीला तो हूक आहे, आणि गाडीत ताणणारा 8 टनी पट्टा असतो, पाऊण इंची बो-शॅकल असतात (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या, 4.75 टन भाराच्या, पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल), आणि पट्ट्याच्या मध्यावर टाकायला जाड घोंगडी. काही तुटलंच तर घोंगडीच्या वजनाने पट्टा खाली पडतो. ओढताना माणसं पट्ट्याच्या दीड लांबीइतकी दूर.

"मग निदान आता तरी लिफ्ट करा." मी कितीतरी जणांना ठासून सांगत आलो की लिफ्ट म्हणजे दिखावा. स्प्रिंग उंच केल्याने मागचं डिफरन्शियल एक मिलिमीटरही वर जात नाही, ते अ‍ॅक्सलबरोबर टायरच्याच उंचीवर राहतं. शिवाय पुढच्या ड्राइव्ह-शाफ्टचा कोन वाढतो, अलाइनमेंट बिघडतं, आणि गाडीत नोंदणीपेक्षा वेगळे बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. हे आजही खरं आहे. पण त्या दिवशी डिफरन्शियल मोकळं केल्यावर दिसलं की ट्रान्सफर केसखालची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीखालची) माती पण दाबली गेली होती. तिथे 40 मिमीने फरक पडला असता. पडला असता का? आणि पडला असता तर मी आणखी शंभर फूट आत जाऊन रुतलो असतो का? स्प्रिंगचं कोटेशन दोन महिने डॅशबोर्डच्या खणात पडून आहे. पहार मात्र त्याच आठवड्यात घेतली, चार फुटी, मागच्या सीटखाली मावते.