बर्मिंगहॅममधील पाठीला पाठ लावलेली घरे

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहासमोर, हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीट जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर, कामगारांच्या जुन्या विटांच्या घरांचा एक लहानसा समूह उभा आहे. ‘कोर्ट 15’ या नावाने ओळखला जाणारा हा शहरातील अशा प्रकारचा शेवटचा उरलेला चौक, म्हणजे मधल्या अंगणाभोवतीची घरे, असून ऐतिहासिक वास्तू जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 2004 मध्ये तो लोकांसाठी खुला केला. आत मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते, आणि जिने पाहिल्यावर त्याचे कारण लगेच कळते.

एका घराची मागची भिंत हीच दुसऱ्याचीही मागची भिंत, अशी ही ‘बॅक-टू-बॅक’ रचना आहे. त्यामुळे खिडक्या केवळ दर्शनी बाजूला. निम्मी घरे रस्त्याकडे तोंड करून, तर निम्मी आतल्या चौकाकडे. कमी जागेत आणि कमी विटांत जास्त भाडेकरू बसवण्याची ही घरमालकांची युक्ती होती. 1876 मध्ये शहराने अशी नवी घरे बांधण्यास मनाई केली. पण बांधलेल्या घरांत लोक राहतच होते. या चौकातील घरे तर 1966 मध्ये राहण्यास अयोग्य ठरली.

प्रत्येक मजल्यावर एकच खोली आणि त्यांना जोडणारा, भिंतीला हात लावूनच चढावा असा अरुंद, वळणाचा जिना. 1870 च्या दशकातल्यासारखे मांडलेले घर काचेचे डोळे बनवणाऱ्या ओल्डफील्ड कुटुंबाचे. तेथे मुलांचा बिछाना आणि पोटभाडेकरूंचा बिछाना यांच्यामध्ये नुसता एक पडदा टांगलेला आहे. कमाईला हातभार म्हणून राहत्या घरातली जागाही भाड्याने द्यावी लागे. खाली चौकात सामाईक शौचकूप आणि कपडे धुण्याची खोली आहे. आज हा चौक इतका स्वच्छ आहे की तेथे पूर्वी काय दुर्गंधी असेल याची कल्पना येत नाही, आणि तेवढ्यापुरते हे जतन थोडे खोटे वाटते.

मात्र एकच साल गोठवून न ठेवता वेगवेगळ्या काळांतील घरे शेजारी-शेजारी मांडली आहेत, हे मला फार योग्य वाटले. त्यांतही सर्वांत खरी वाटली ती जॉर्ज सॉन्डर्स यांची शिंप्याची खोली. ते 1958 मध्ये कॅरिबियनमधील सेंट किट्स बेटावरून येथे आले. इतर खोल्या कागदपत्रांच्या आधारे नव्याने सजवाव्या लागल्या. येथले शिवणयंत्र, कापड आणि कागदी बेतणी मात्र त्यांच्याच व्यवसायातली आहेत.