पाऊणपटीचं गणित

कार्तिक शुद्ध सप्तमी, रात्र

दादरला मासळी घेताना मावशी म्हणाली, "भांग आहे गं, बोंबील कुठून आणू?" पावसाळ्याआधी हे ऐकून मी नुसती मान डोलावली असती. आज लगेच कळलं. भांग म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी; तेव्हा पाण्याला ओढ कमी, आणि बोंबलाचं डोल जाळं, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, चालतं ते ओढीवरच.

वही जूनमध्ये सुरू केली. दुपारी साडेचार मीटरची भरती म्हणून टीव्हीवर इशारा चालू होता. भाचीने विचारलं, "मावशी, भरती का येते?" मी ऐटीत सांगितलं, चंद्र पाणी ओढतो म्हणून. रात्री तेच वाक्य वहीत लिहिलं आणि पेन अडलं. चंद्र ओढतो तर भरती एकदाच यायला हवी, दिवसातून दोनदा का? तीन संध्याकाळी त्यात गेल्या. खोडत खोडत शेवटी असं उतरलं: चंद्राकडचं पाणी पृथ्वीपेक्षा जास्त ओढलं जातं, आणि पलीकडच्या पाण्यापेक्षा पृथ्वी जास्त ओढली जाते, म्हणून ते पाणी मागे राहतं. फुगवटे दोन. (चित्र मात्र अजून बटाट्यासारखंच येतं.)

आज आजोबांचा हिशेब लिहायला घेतला. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. लहानपणापासून तोंडपाठ आहे, कधी शंका आली नाही. रकाना आखून पंधराही तिथी मांडल्या, तर पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. एका तिथीत दीड तास! समुद्र अशी उडी कशाला मारेल?

मग भागाकार केला. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीला 48 मिनिटं. पाऊणपटीत धरलेली 45. तोंडी हिशेबाला सोपं जावं म्हणून रोजची तीन मिनिटं सोडलेली, ती साठत जाऊन पंधरा तिथींची 45 होतात आणि प्रतिपदेला एका दमात वसूल होतात. आजोबांना हे ठाऊक असेल का? विचारायला ते नाहीत.

त्रिपुरी पौर्णिमा आणि प्रतिपदा, दोन्ही दिवस चौपाटीवर घड्याळ घेऊन बसायचं ठरवलंय. पण भर दुपारची वेळ, ऑफिसला दोन अर्ध्या रजा टाकाव्या लागतील. अर्जात कारण काय लिहू?