पावसाळी हिवाळ्यात लाट कधी गाठायची

हिवाळी वादळांची रांग लागली की अंदाजाच्या ॲपवर लाटेची उंची चढत जाते आणि नवा सर्फर नेमका त्याच आकड्यावर नजर लावून बसतो. आधी बघायचा तो आवर्तकाल, म्हणजे एक माथा गेल्यावर दुसरा यायला लागणारे सेकंद. २ मीटर लाट ७ सेकंदांनी येत असेल, तर ती जवळच्याच वाऱ्यानं उठवलेली असते: विस्कटलेली, पॅडल करून (हातांनी वल्हवून) जीव दमवणारी. तीच २ मीटर १५ सेकंदांनी येत असेल तर ती दूरच्या वादळातून निघालेली स्वेल, आणि तिच्यातली ताकद दुपटीहून जास्त. ७ सेकंदांच्या लाटेला साधारण ३८ मीटर खोलीवर तळ लागायला सुरुवात होते, १५ सेकंदांच्या लाटेला १७५ मीटरवरच. म्हणून लांब आवर्तकालाची लाट किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे वळते, आणि उथळ पाण्यात चढून बोयावर (समुद्रात तरंगणाऱ्या मोजणी-यंत्रावर) दिसलेल्या आकड्यापेक्षा मोठी होऊन फुटते.

लांब लाटा पुढे धावतात, त्यामुळे बोयावर उंची जेमतेम अर्धा मीटर पण आवर्तकाल १८-२० सेकंद दिसला, तर ती मोठ्या स्वेलची आगाऊ वर्दी समजा. १६ सेकंदांच्या स्वेलची ऊर्जा ताशी सुमारे ४५ किलोमीटरनं सरकते. २००० किलोमीटरवरचं वादळ असेल तर जवळपास दोन दिवस हाताशी आहेत. आणखी एक गोष्ट. अंदाजातली उंची ही सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. काही तासांत एखादी लाट जवळजवळ दुप्पट येतेच. पाण्यात शिरण्याआधी २० मिनिटं उभं राहून निदान दोन सेट (एकापाठोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांचे गट) पाहा, आणि लाटा फुटत नाहीत असा गडद पट्टा कुठे आहे ते हेरून ठेवा. तिथे आत जायचा सोपा रस्ता दिसतो खरा, पण तोच रिप करंट, समुद्राकडे ओढणारा प्रवाह. ओढलं गेलात तर किनाऱ्याला समांतर वल्हवा, बोर्ड सोडू नका.

आता वारा. आपल्या किनाऱ्याला मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, नेमका कोणत्या दिशेचा, हे पाठ हवं. उत्तर गोलार्धात शीत आघाडी, म्हणजे सरकत येणाऱ्या थंड हवेची पुढची कड, येण्याआधी वारा बहुधा दक्षिणेकडचा असतो, हवेचा दाब उतरत जातो. आघाडी सरकली की वारा झटक्यात पश्चिम-वायव्येला फिरतो, दाब चढू लागतो, संततधार थांबून सरी सुरू होतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्याला हीच वेळ सोन्याची, फक्त स्वेल तिथे पोचायला हवी. पश्चिमेकडे तोंड असेल तर मात्र समुद्र खवळतो. तिथे आघाडीआधी वारा आग्नेयेचा असतानाचे काही तास, नाहीतर दोन आघाड्यांमधली शांत पहाट गाठावी. वारा पडला असताना कोसळणारा पाऊस काही बिघडवत नाही, उलट पाण्यावरची बारीक खळबळ दाबून टाकतो.

भरतीचं वेळापत्रक अशा वादळी आठवड्यात जसंच्या तसं मानू नका. दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर चढतं. नेहमीच्या सुमारे १०१३ ऐवजी ९८० चा दाब असेल तर एवढ्यानंच ३० सेंटिमीटरच्या वर, शिवाय वाऱ्यानं लोटलेलं पाणी वेगळं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात हे जुळून आलं तर वाळूचे दांडे खोल बुडतात, लाट बाहेर न फुटता थेट काठावर आपटते आणि मान-खांद्याच्या दुखापती होतात. अशा वेळी मध्य ओहोटी धरावी.

खरी पंचाईत पाण्याची. मोठ्या पावसानंतर ७२ तास पाण्यात उतरू नये, हा सल्ला मी अक्षरशः पाळण्याजोगा मानतो. कोरड्या काळानंतरचा पहिला पाऊस सर्वांत वाईट, कारण साठलेली सगळी घाण, तेल, सांडपाणी एकदम समुद्रात येतं. आणि सुंदर, स्वच्छ आकाराच्या लाटा अनेकदा नेमक्या याच ७२ तासांत येतात. मोह होतो. पण कान, पोट आणि उघड्या जखमा त्याची किंमत मोजतात. जायचंच असेल तर नदीमुख आणि नाल्यांपासून दूर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, मोकळ्या समुद्राकडचा किनारा निवडा. बंदिस्त उपसागरातलं पाणी उशिरा निवळतं. तपकिरी पाण्यात अर्धे बुडालेले ओंडके दिसत नाहीत, आणि अंगावर जखम असेल तर घरीच थांबा.

वेटसूट (ऊब धरणारा रबरी सूट) पाण्याच्या तापमानावर ठरतो: १६ ते २० अंशांना ३/२ मिलिमीटर (धडाला ३, हातापायांना २ जाडी), १२ ते १६ ला ४/३, त्याखाली ५/४ आणि टोपी. पाण्याचे बूट घातले तर सूटच्या पायाचं टोक बुटाच्या वरून घ्या, नाहीतर प्रत्येक लाटेला बुटात पाणी भरतं. १९ अंशांखाली नेहमी सर्फिंग करणाऱ्यांनी कानात प्लग घालावेत. थंड पाणी आणि वाऱ्यानं कानाच्या नळीत हाड वाढतं आणि पाणी अडकू लागतं. हाताची पाचही बोटं एकमेकांना चिकटवता येईनाशी झाली की बाहेर या, पॅडल करण्याचं बळ त्यापाठोपाठच जातं. गडगडाट ऐकू आला तर लगेच बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत नाही.

ओल्या हवेत सूट वाळत नाही म्हणून हीटरजवळ टांगू नका, सूटचं निओप्रीन रबर कडक होऊन तडकतं. गोड्या पाण्यात धुऊन, उलटा करून, कमरेतून दुमडून टांगावा. आतली बाजू आधी वाळू द्यावी.