माळटिटवीचं ओलं पोट अखेर मिळालं!

मिळालं! माळटिटवी पाण्यात पोट भिजवतानाचे सलग फोटो, आणि पीस न् पीस स्पष्ट दिसतंय. मागच्या वेळी टाकलेले तिच्या घरट्याचे पाण्याखाली काढल्यासारखे फोटो आता विसरा.

अडचण तीच होती, तापलेल्या हवेची लहर. अमळनेर-पारोळ्याकडच्या माळावर मे महिन्यात सकाळी नऊनंतर जमिनीलगतची हवा हलायला लागते. मध्ये तापलेली हवा जितकी जास्त, तितका फोटो विस्कटतो. तिथे दीडशे-सहाशेची झूम काय आणि एकाच फोकल लांबीची प्राइम काय, सगळ्या लेन्स सारख्याच. शटर सेकंदाच्या चार हजाराव्या भागावर नेलं, तर लहर गोठते, जात नाही. लेन्सहूड काढून थोडा फरक पडला, कारण त्यातही गरम हवा कोंडते. गाडीतून एसी लावून काढणाऱ्यांनी तर ते सोडूनच द्यावं: काच खाली केली की थंड-गरम हवा खिडकीतच मिसळते आणि फोकस जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहिलं की लहर कमी होते, पण पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीचा कोन हातचा जातो.

राहिला उपाय जवळ जाण्याचा, आणि तो करायचा नाही. चव्वेचाळीस अंशांत माळटिटवी अंडी उबवत नाही, ती त्यांना सावली देते आणि ओल्या पोटाने गार ठेवते. आपण जवळ गेलो की ती उठते, आणि उघडी अंडी थोड्याच वेळात भाजून निघतात. त्यापेक्षा फोटो नसलेला बरा.

वाट दाखवली शेतवाल्या आबांनी. विहिरीजवळच्या हाळाकडे, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या टाक्याकडे, बोट करून म्हणाले, "भाऊ, ती टिटवी रोज दुपारले आठेच येस." म्हणजे रोज दुपारी इथेच येते. मोटार चालू असली की हाळ भरून वाहतो आणि खाली थारोळं साचतं. घरटं इथून चांगलंच लांब, म्हणजे तिला आपला त्रास नाही. शिवाय कॅमेऱ्यापासून थारोळ्याचं अंतर कमी आणि जमीन ओली, त्यामुळे लहर जवळजवळ नाहीच!

आडोशासाठी ऑनलाइन मिळणारी जाळी घेऊ नका. हिरवी शेडनेटही पिवळ्या माळावर लांबून उठून दिसते. मी बाजारातून जुनं बारदान आणून शिवलं. रंग मातीत मिसळतो आणि पाणी मारलं की आत बसवतं.

ती चालत आली, थारोळ्यात उतरली, गुडघे मोडून बसली आणि पोट डावी-उजवीकडे घासत राहिली. उठली तेव्हा पोटाची पांढरी पिसं झुपक्या-झुपक्यांनी चिकटलेली, टोकांना थेंब. मग न पिताच उडाली. दुर्बिणीतून पाहिलं, थेट चार अंड्यांवर जाऊन बसली. आबांच्या हिशेबाने चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस.

वखरणीत घरट्याचा तेवढा पट्टा सोडायला आबा तयार आहेत. खुणेची काठी मात्र नको म्हटलं, कावळ्याला ती आधी दिसते. बांधावरच्या निंबाची रेघ धरून औत वळवायचं ठरलंय.

डोंबारी चंडोल या छोट्या पक्ष्याचंही घरटं दिसलं, गवताच्या ठोंबाच्या सावलीत, कडेला खड्यांची ओळ. काळ्या पोटाचा नर वरून सूर मारत होता. लांबूनच पाहून निघालो.

उद्या धाविक या दुसऱ्या माळपक्ष्यामागे जायचं होतं, पण हे लिहिताना सुचलं: पखुर्डीचा (माळावरचा कबुतरासारखा पक्षी) नरही पोटाच्या पिसांत पाणी भरून पिल्लांना नेतो, आणि पखुर्ड्या पाण्यावर सकाळी उतरतात. मग हाच हाळ का नको? धाविक पुढच्या आठवड्यात. शेतीची वीज सध्या दिवसाची आहे, म्हणजे मोटार सकाळीही चालते, तोवर बारदान पश्चिमेकडून काढून पूर्वेला लावतो, सकाळचं ऊन पाठीशी येईल. पखुर्डीचं पोट गडद, त्यामुळे एक्स्पोजर थोडं वर ठेवावं लागेल. कुणी आधी काढली असेल तर किती ठेवलं होतं ते कळवा.