कीज मूर्ख नाही

काल आई सहज म्हणाली, "एवढा हुशार म्हणवतो आणि टेबलापलीकडचा माणूस ओळखता आला नाही याला?" आणि उठून मेथी निवडायला गेली. बोलली ती सिनेमातल्या कीजला. लागलं मला.

'डबल इन्डेम्निटी' आधीही पाहिला होता. बिली वाइल्डरचा, 1944चा. विमा एजंट वॉल्टर नेफ आणि फिलिस मिळून तिच्या नवऱ्याला मारतात आणि प्रेत रुळांवर टाकतात. आगगाडीतून पडून मेला असं दिसलं की विम्याची रक्कम दुप्पट, एक लाख डॉलर. लोक बोलतात ते फिलिसबद्दल, तिच्या पायातल्या साखळीबद्दल. बार्बरा स्टॅनविक आहेच तशी. गाडीत खून होतो तेव्हा कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर असतो, आणि त्या चेहऱ्यावर... असो. काल माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

मी बघत होते कीजला, नेफच्याच विमा कंपनीत खोटे दावे पकडणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याला. एडवर्ड जी. रॉबिन्सन. बुटका, सिगार तोंडात, खिसे चाचपतोय आणि काडी काही सापडत नाही. मग नेफ नखावर काडी ओढून त्याचा सिगार पेटवून देतो. दर वेळी नेफच. खोटा दावा आला की कीजच्या आतला 'छोटा माणूस' जागा होतो, मग याला जेवण जात नाही. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा यानं होणाऱ्या बायकोचीही चौकशी केली होती, आणि ते लग्न राहिलंच. असा माणूस वरच्या साहेबांना मेमो पाठवतो की नेफला मी अकरा वर्षं जवळून ओळखतो, त्याची हमी मी स्वतः देतो. नेफ चोरून कीजच्या खोलीत शिरतो आणि डिक्टाफोनवर त्याच्याच आवाजात हे ऐकतो.

मला तिथे सिनेमा थांबवायचा होता. आई शेजारी होती.

हमी मीही दिली होती, माझ्याकडेच काम शिकलेल्या एकाची. त्या मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या देखत. पुढे त्यानंच पैशांचा घोटाळा केल्याचं निघालं. पैशांचं मी बोलत नाही, ते ज्याचे होते तो बघेल. पण माझ्या शब्दाच्या आडोशाला उभं राहून हे सगळं चाललं होतं, हे काही केल्या गिळवत नाही. रात्रभर तेच. माझ्याच वाट्याला का? मला माणसं कळतच नाहीत का? घरातलेही मनात हेच म्हणत असतील. बाबा तर काहीच बोलले नाहीत, आणि ते...

सकाळी डबा भरताना मेमोतलं दुसरं वाक्य आठवलं. कीज नुसता भरवशावर बोलत नाही. खुनाच्या रात्री नेफ कुठे होता हे त्यानं तपासलेलं असतं, आणि नेफ घरीच होता असं निघतं! निघणारच. गॅरेजवाल्यानं आपल्याला पाहावं याची सोय नेफनं केलेली. फोनच्या आणि दाराच्या घंटीत कार्ड अडकवून ठेवलेलं, कुणी वाजवली तर परत आल्यावर कळावं म्हणून. कीज काय काय तपासतो हे अकरा वर्षं शेजारी बसून शिकलेला माणूस तो. तो पुरावा खास कीजसाठीच रचलेला होता. मग कीज मूर्ख कसा?

मीही तपासलं होतं. कागद बघितले होते. माझी बघायची पद्धत त्याला माहीत होती, मीच तर शिकवली होती.

हे कळल्यावर दुखायचं थांबलं असं नाही. पण गळ्याशी आलेलं जरा खाली उतरलं. डब्यात लोणचं घालायचं राहिलं, त्याचंही काही वाटलं नाही.

शेवटी नेफ रक्तबंबाळ होऊन दारात पडलेला असतो. तू शोधत होतास तो माणूस फार जवळ होता, टेबलापलीकडे, असं तो म्हणतो. कीज म्हणतो, त्याहूनही जवळ, वॉल्टर. आणि या खेपेला काडी कीज ओढतो. वाइल्डरनं याच्याही पुढचं चित्रित केलं होतं, गॅस चेंबरमधला नेफचा मृत्युदंड आणि तो बघणारा कीज. मग ते काढून टाकलं. फार बरं केलं. कीजला तिथे उभं करून काय मिळणार होतं?

गुरुवारी मला चौकशीला बोलावलंय. तोही असेल. विचारतील तेवढं खरं सांगेन आणि निकालासाठी न थांबता घरी येईन.